दहा मिनिटांचा थांबा

"गाडीला काही झालेलं नाही," दादा म्हणाला. महिन्याभरात हे वाक्य तो तिसऱ्यांदा म्हणत होता. खिडकीतून हात आत घालून त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. "बघा डॉक्टर. आता आणखी काय दुरुस्त करू?"

डॉक्टर जनावरांच्या होत्या. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, बाह्या वर सारलेलं जाड जॅकेट, आणि गाडीत मागच्या सीटवर औषधांच्या पेट्या, दोर, साबणाची बादली. ती उंच चाकांची जुनी गाडी म्हणजेच त्यांचा दवाखाना. गोठ्यातून मेंढ्यांच्या वाड्यावर, तिथून घोड्यांच्या तबेल्यात, असा त्यांचा दिवस जायचा.

"इथे आली की सुरूच होते," त्या म्हणाल्या. "परवा पेट्रोल पंपावर पाऊण तास बसून होते मी. नवी बॅटरी घातली, किल्लीचा स्विच बदलला, तरी तेच. आता उतार बघितल्याशिवाय मी गाडी उभी करत नाही. उतार नसला तर इंजिन बंदच करत नाही." त्या जरा थांबल्या. "घरी तर ठरूनच गेलंय की दोष माझ्या हातात आहे. नवऱ्याने किल्ली फिरवली की गाडी सुरू. मी फिरवली की मुकी."

दादा हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण डॉक्टरांचा चेहरा उतरला.

तो उतरलेला चेहरा वर्कशॉपच्या मागच्या कामाच्या बाकावरून दादाच्या बहिणीने बघितला. इंजिन दादाचं आणि वायरिंग बहिणीचं, अशी त्या वर्कशॉपची वाटणी वडिलांच्या काळापासून चालत आली होती. अख्खा रस्ता तिला ताई म्हणायचा. दादा मात्र अजूनही 'छोटी' म्हणायचा. ती बेचाळीस वर्षांची होती आणि त्याच्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती, तरीही.

ताई हात पुसत पुढे आली. "डॉक्टर, मुकी म्हणजे कशी? अजिबात आवाज नाही?"

"एक टक होतं. मग काही नाही."

"टकटकटकटक असं लागोपाठ?"

"छे. एकदाच. कुणी टेबलावर पेन ठेवावं तसं."

"आणि पुन्हा किल्ली फिरवली तर?"

"पुन्हा एकच टक."

ताईने मान डोलावली. तिच्याकडे येणारी बहुतेक माणसं 'गाडी चालत नाही' एवढंच सांगायची. खोदून खोदून विचारावं लागायचं. ही बाई आवाज मोजून सांगत होती. अशा बाईची तक्रार खोटी असेल यावर ताईचा काडीचाही विश्वास बसेना.

"आज किती ठिकाणी जायचंय तुम्हाला?"

"दोन तर नक्की. मधे कुणाचा फोन आला तर तीन."

"मी येते बरोबर."

दादाने पाना खाली ठेवला. "छोटे, वेड लागलंय का? इथे कामाचा ढीग पडलाय."

"ढीग कुठे पळून जात नाही. ही गाडी आपल्यासमोर नाटकं करणार नाही, दादा. ती जिथे करते तिथेच जाऊन बसायला हवं." एवढं बोलून तिने पिशवीत वीज मोजायचा मीटर टाकला, पान्यांचा जुडगा टाकला, लाकडी दांड्याची हातोडी टाकली, आणि एक फाटकी सतरंजी काखेत मारून ती गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

पहिला थांबा घोड्यांचा तबेला. एका तांबूस घोडीच्या खुरात पू झाला होता. डॉक्टरांनी तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला, खूर कोरला, धुतला, पट्टी बांधली. तासभर गेला. परत येऊन किल्ली फिरवली आणि गाडी सुरू.

दुसरा थांबा मेंढ्यांचा. सत्तर मेंढ्यांना टोचायचं होतं, आणि त्यातल्या निम्म्या तरी पळून जायच्या विचारात होत्या. दीड तास. परत येऊन किल्ली फिरवली आणि गाडी सुरू.

डॉक्टरांचे कान लाल झाले. "तुम्ही शेजारी बसलात म्हणून शहाण्यासारखी वागतेय मेली. तुमचा दिवस फुकट घालवला मी."

"अजून दिवस संपलेला नाही," ताई म्हणाली. ती मघापासून घड्याळ बघत होती. "एक सांगा. पेट्रोल पंपावर बंद पडली तेव्हा किती वेळ थांबला होतात?"

"पेट्रोल भरायला लागतो तेवढा. दहा मिनिटं."

"त्याआधी कुठे पडली होती?"

"औषधांच्या गोदामाशी. खोकं उचललं, सही केली आणि बाहेर आले. त्याआधी... मुलीच्या शाळेपाशी. तिथेही पाच-दहा मिनिटंच."

"आणि तुमचे यजमान गाडी कधी चालवतात?"

"ते कशाला चालवतील? सकाळी अंगणातून बाहेर काढून देतात, तेवढंच."

"म्हणजे रात्रभर निवलेली गाडी." ताई सीटवर मागे टेकली. आता तिला बराचसा उलगडा झाला होता. "गाडी पळत असते तोवर वारा लागतो. थांबली की वारा थांबतो आणि इंजिनची सगळी धग शेजारी बसलेल्या स्टार्टरवर, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणाऱ्या मोटरवर चढते. पहिली दहा-पंधरा मिनिटं ती धग सगळ्यात जास्त. तासाभराने सगळं पुन्हा गार. आपण सकाळपासून थांबतोय ते तास-तास. तोवर तिचा रुसवा निघून जातोय. चला, ते गोदाम कुठे आहे? जरा दामटून चालवा, आणि तिथे बरोबर दहा मिनिटं थांबायचं."

डॉक्टरांनी दामटून चालवली. गोदामाच्या पांढऱ्या भिंतीसमोर सपाट जागा होती. इंजिन बंद करताना त्यांचा हात किल्लीवर थोडा घुटमळला, मग त्यांनी ते बंद केलं. दोघी घड्याळाकडे बघत बसल्या. दहा मिनिटं झाल्यावर डॉक्टरांनी किल्ली फिरवली.

टक.

"पकडली!" ताईने मांडीवर थाप मारली.

"गाडी बंद पडल्याचा इतका आनंद झालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनाही हसू फुटलं.

"पुढचे दिवे लावा. भिंतीवरचा उजेड बघत राहा आणि पुन्हा किल्ली फिरवा. उजेड मंद होतो का?"

टक. "नाही. जराही नाही."

"बॅटरी मेलेली असती तर दिवे विझायला आले असते. इंजिन अडकलं असतं तरी मंद झाले असते. उजेड जसाच्या तसा आहे, म्हणजे बॅटरीत जोर भरपूर आहे आणि तो घेणारंच कुणी नाही. वाट कुठेतरी तुटलीय. कुठे ते आता..."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. त्या ऐकत गेल्या तसतसा त्यांचा आवाज बदलत गेला. "कधीपासून? ... दोन तास? अहो, मग आधी का नाही... डोकं दिसतंय का? ... नाही, ओढू नका. कुणीही हात लावू नका. येते मी." त्यांनी फोन ठेवला. "पहिलारू गाय आहे. वासराचे पाय बाहेर आलेत, डोकं नाही. इथून वीस मिनिटांवर. ताई, ही आत्ता सुरू होईल का?"

"होईल. स्टार्टरवर एक ठोका मारला की होईल. पण ठोका मारला की आतलं जागचं हलेल आणि दोष लपून बसेल. मग पुन्हा तीच रडकथा. मला चार मिनिटं द्या."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "तीन."

"तीन." ताईने सतरंजी टाकली. "गिअर काढलाय ना? हँडब्रेक?"

"काढलाय. ओढलाय."

"पुन्हा एकदा बघा," असं म्हणून ती गाडीखाली सरकली.

खाली भट्टीसारखी धग होती. इंजिनच्या कुशीत स्टार्टर बसलेला होता, दुधाच्या किटलीएवढी एक मोटर, आणि तिच्या डोक्यावर एक लहान डबा. तो डबा म्हणजे बॅटरीचा जोर आत सोडणारा स्विच. 'टक' करणारा तोच. बॅटरीची जाड वायर डब्यात शिरत होती आणि डब्यातून दुसरी वायर मोटरच्या पोटात जात होती. ताईने आत येणाऱ्या वायरीला मीटर लावला. साडेबारा व्होल्ट. बाहेर जाणाऱ्या वायरीला लावला. शून्य. तिथेच टोक दाबून धरून ती ओरडली, "फिरवा आणि धरून ठेवा!"

टक. मीटरचा आकडा शून्यावरून उडी मारून बारावर गेला आणि तिथेच थांबला. मोटर मात्र ढिम्म.

"सोडा. आता पुन्हा!"

टक. पुन्हा बारा. शेवटची शंका नको म्हणून तिने स्टार्टरच्या अंगापासून बॅटरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत लांब वायरीने तपासलं. तिथेही सगळं स्वच्छ होतं. म्हणजे किल्ली निर्दोष, डबा निर्दोष, वायरी निर्दोष. वीज मोटरच्या दारात येऊन उभी राहत होती आणि आत तिला कुणी घेत नव्हतं. आत घेणारे म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला टेकून घासणारे कार्बनचे चार तुकडे. दोष तिथेच, दुसरीकडे कुठे असूच शकत नव्हता.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद," वरून आवाज आला.

"झालंय माझं. आता फिरवून धरा." ताईने हातोडी उलटी करून लाकडी दांड्याने मोटरच्या पाठीवर एक ठोका दिला. इंजिन गरजलं. ती सरपटत बाहेर आली, सतरंजी गोळा केली, आणि दार नीट लागायच्या आत गाडी निघालीसुद्धा.

गोठ्यापाशी पोहोचल्यावर डॉक्टरांनी सवयीने इंजिन चालूच ठेवलं.

"बंद करा," ताई म्हणाली. "जनावराच्या नाकात धूर नको. आणि ती कशी उठते ते मला आता ठाऊक आहे."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि किल्ली बंद केली.

गाय आडवी पडली होती. गोठेवाला तिच्या मानेशी बसून तिला थोपटत होता. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत साबण लावला आणि हात आत घातला. मग त्यांनी डोळे मिटले. फक्त खांदा इंचाइंचाने हलत होता.

"डोकं मागे वळलंय," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "जिवंत आहे. बोट तोंडात घातलं तर चोखतंय. ताई, गाडीतले माझे जादा बूट घाला आणि इकडे या. दोन्ही पायांना मी दोर लावलेत. मी सांगेन तेव्हाच ओढायचं. कळ येईल तेव्हा. त्याआधी नाही."

ताईने दोर हाताला गुंडाळले. गाईचं पोट आवळताना दिसलं आणि तिने ओढलं.

"थांबा म्हटलं ना!" डॉक्टर खेकसल्या. "डोकं अजून माझ्या हातात नाही!"

ताईला कुणी असं खेकसून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. तिने दोर ढिला सोडला आणि वाट बघत राहिली. डॉक्टरांच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर थांबला. मग त्यांचा खांदा एकदम खाली आला. "वळलं. आता. ओढा. खाली, जमिनीकडे. ओढा!"

ताईने अंगातलं सगळं बळ लावलं. आधी नाक आलं, मग कपाळ, आणि मग अख्खं वासरू धपकन गवतावर पडलं. निळसर, निपचित. डॉक्टरांनी त्याच्या नाकातला चिकटा बोटांनी काढला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, छाती चोळली. एकदा, दोनदा. वासरू शिंकलं, डोकं हलवलं, आणि आपण कुठे येऊन पडलो अशा नजरेने सगळ्यांकडे बघायला लागलं. गोठेवाल्याने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाला.

हात धुताना डॉक्टर म्हणाल्या, "मघाशी ओरडले तुमच्यावर."

"बरोबर ओरडलात," ताई म्हणाली. "तुम्हाला दिसत नव्हतं तरी कळत होतं. मला दिसत होतं आणि कळत काही नव्हतं."

परत निघताना गाडीने पुन्हा 'टक' केलं. ताईचा पहिला ठोका वाया गेला. ताईने गाडीखालूनच शांतपणे सांगितलं, "सोडा, आणि पुन्हा धरा," आणि थोडा अलीकडे दुसरा ठोका दिला. गाडी सुरू झाली.

वर्कशॉपमध्ये ऊन तिरपं व्हायला लागलं होतं. ताईने आधी बॅटरीचं टोक सुटं केलं, मग स्टार्टर उतरवून बाकावरच्या शिकंज्यात धरला. उघडण्यापूर्वी तिने कानशीने अंगावर एक बारीक रेघ ओढली, म्हणजे जोडताना भाग जिथल्या तिथे बसतील. लांब बोल्ट काढले, मागचं झाकण उचललं, आणि चिमूटभर काळी भुकटी बाकावर सांडली.

"दादा, ये. डॉक्टर, तुम्हीही बघा."

चार कार्बनपैकी दोन बरे होते. तिसरा झिजून निम्मा झाला होता. चौथा नखाएवढा उरला होता आणि आपल्या खाचेत तिरका अडकून बसला होता. त्याला मागून दाबणारी स्प्रिंग कार्बनवर नव्हतीच. ती खाचेच्या कडेवर टेकून आराम करत होती.

दादाने चष्मा वर सारून बघितलं. बराच वेळ बघितलं. "हा आजवर चालला कसा?"

"गार असताना कसाबसा टेकत होता. गरम झाला की खाचेत घट्ट बसायचा आणि मधे फट राहायची. ठोका दिला की सरकायचा."

ती कामाला लागली. जुने कार्बन काढून नवे चारही बसवले, त्यांच्या वायरींना कथलाचा डाग दिला, आणि प्रत्येक कार्बन खाचेत सैल सरकतो की नाही हे बोटाने ढकलून बघितलं. कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल काळवंडला होता. तो बारीक पॉलिश पेपरने लख्ख केला आणि त्याच्या फटींमधली घाण करवतीच्या मोडक्या पात्याने कोरून काढली. पुढच्या दातेरी चाकाचे दात तपासले. डॉक्टर दिवा धरून उभ्या होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "चारही का बदललेत? दोन तर बरे होते ना?"

"दोन नवे आणि दोन जुने घातले तर वर्षभराने तुम्ही पुन्हा इथे. मला तुमची भेट आवडेल, पण गाडीशिवाय या."

बॅटरीच्या वायरी लावून तिने स्टार्टर बाकावरच चालवून बघितला. तो शिकंज्यात उसळला आणि एकसारख्या सुरात गुणगुणला. दादाने आपण होऊन तो उचलला आणि गाडीत बसवायला घेतला.

तेवढ्यात डॉक्टरांचे यजमान आले. शाळेत गणित शिकवणारे, शांत गृहस्थ. "उशीर झाला म्हणून घ्यायला आलो," ते म्हणाले. "मग? सापडलं का काही?" त्या 'काही'वर थोडा जोर होता.

ताई तोंड उघडणार होती, पण डॉक्टरांनी बाकावरचा तो नखाएवढा तुकडा उचलून नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. मग त्यांनी सगळं सांगितलं. दिवे मंद का झाले नाहीत, मीटर शून्यावरून बारावर कसा गेला, सकाळी गाडी का सुरू होते आणि दहा मिनिटांच्या थांब्यानंतर का होत नाही. कुठे अडखळल्या नाहीत. रोगी कोण आणि रोग कोणता हे सांगण्याची त्यांना सवयच होती.

मास्तरांनी तुकडा उलटसुलट करून बघितला. "म्हणजे मी दीड महिना गार गाडी सुरू करून शेखी मिरवत होतो."

"दीड नाही, दोन."

"चुकलं माझं," ते म्हणाले, आणि पुटपुटत नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

गाडीखालून दादाचा आवाज आला. "डॉक्टर, त्यात माझंही धरा."

स्टार्टर बसला. डॉक्टरांनी यजमानांना आणि ताईला घेऊन गाडी अर्धा तास दामटली, परत आणली, सपाट जागेत उभी केली आणि बंद केली. सगळे घड्याळाकडे बघत उभे राहिले. दहा मिनिटांनी किल्ली फिरली आणि इंजिन सुरू झालं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. पाच वेळा. सहाव्या वेळी डॉक्टर म्हणाल्या, "पुरे, माझी खात्री पटली," आणि त्या निघाल्या. यजमान शेजारच्या सीटवर बसले होते, मांडीवर साबणाची बादली घेऊन.

ताई नळाखाली हात धुवायला बसली. दोराने दोन्ही तळव्यांना लाल वळ उठले होते आणि खांदे भरून आले होते. सकाळपासून पोटात काही गेलेलं नाही हे तिला आत्ता आठवलं.

"उद्या मला उशीर होईल, दादा," ती म्हणाली. "हात वर होत नाहीयेत."

"ये ग सावकाश," दादा म्हणाला, आणि शटर खाली ओढायला गेला.